पाला निखळून घ्यावा

शेवटची कात टाकून रेशमाच्या अळ्या उठल्या त्या वखवखूनच. फांदी टाकायचा अवकाश, पानांच्या नुसत्या शिरा उरायच्या. शेडचं दार उघडलं की शेजारच्या खोलीत कुणीतरी मन लावून कागद चुरगळत बसलंय असा आवाज यायचा. नुकती चालायला लागलेली लेक त्या आवाजाला फसायची. उंबऱ्यात उभी राहून "कोन? कोन?" म्हणून विचारत राहायची.

"तुझ्या बापाच्या वेळी मला डोहाळे लागले होते," सासूबाई तिला म्हणाल्या, "तरी मी एवढं खात नव्हते बाई."

हसायला सून तेवढी होती. तीही अर्धवटच हसली, कारण नवरा तुतीच्या रानातून भारा घेऊन आला होता आणि तो भारा एका हातात मावत होता.

"एवढाच?"

"एवढाच." त्यानं भारा जमिनीवर टाकला. "खालच्या ओळी बघवत नाहीत. शेंडे सगळे मुठी आवळल्यासारखे झालेत. आत बघावं तर पांढरं पांढरं पीठ."

पिठ्या ढेकूण. ऊन वाढलं की तो यायचाच, पण इतर वर्षी अळ्या कोषावर गेल्यावर यायचा. यंदा ऊन आधी आलं आणि पावसाचा पत्ता नव्हता. त्यानं एक आवळलेला शेंडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं पानाची घडी नखानं उलगडली तर ती उलगडली नाही, तुटली.

"निदान आठवडाभर तरी खातील अजून," तो म्हणाला. "नाहीतर अर्धपोटी कोष करतील. कागदासारखे पातळ. त्याला कोण हात लावणार?"

ती घड्याळाकडे बघून उठली. पदराला पुसत पुसत हात कोरडे केले, लेकीचा मुका घेतला आणि शाळेची पिशवी खांद्याला लावली. लेक रडली नाही. ती अजून कागद चुरगळणारा शोधत होती.

शाळेत तिच्याकडे आठवीचा वर्ग होता. सध्या धडा चालला होता तो इंटरनेटवरची माहिती खरी की खोटी हे कसं ओळखायचं याचा. पुस्तकात हा धडा दीड पानाचा होता आणि मुलांना तो पाठ येत होता. 'विश्वासार्हता म्हणजे काय' विचारलं की वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. म्हणून तिनं पुस्तक मिटलं आणि भिंतीवर एक पान लावून दाखवलं: शेळीसमोर आरसा ठेवला की ती जास्त दूध देते.

वर्ग खिदळला. "बाई, ती लाजत असेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हसू नका. हे खोटं आहे हे तुम्हाला कसं कळलं, ते सांगा."

मग कुठे सगळे गप्प झाले. तिनं फळ्यावर लिहिलं: कुणी लिहिलंय? कधी लिहिलंय? आणखी कुठे तेच लिहिलंय? खडू खाली ठेवणार तोच पहिल्या बाकावरचा हात वर गेला. त्या मुलीला सगळा वर्ग 'शंका' म्हणायचा. हजेरीत दुसरं नाव होतं, पण ते हाकेला वापरायला कुणाला आठवत नसे.

"बाई, पण कुणी करून पाहिलंय का, हे नको का विचारायला?"

"म्हणजे?"

"म्हणजे आरसा ठेवून. नाव काय, कुणी पण टाकेल. पण करून बघितलेला माणूस सापडला तर त्याला विचारता येतं ना."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो चौथा प्रश्न तिच्याच हातून फळ्यावर लिहून घेतला. अक्षर तिरपं गेलं, तरी पुसलं नाही. "आता प्रत्येकानं घरच्या कामाचं एकेक पान शोधायचं," त्या म्हणाल्या. "या चार प्रश्नांतून काढायचं आणि पुढच्या आठवड्यात वर्गाला सांगायचं."

घरी येऊन बघते तो अंगणात फांद्यांचा ढीग. हिरवागार, रुंद पानांचा, एकाही शेंड्याला मूठ नाही.

"पोल्ट्रीवाल्याकडची," नवरा म्हणाला. पोल्ट्रीवाल्यानं मागं हौसेनं तुती लावली होती, पण अळ्यांचा नाद सोडून कोंबड्यांकडे वळला होता. "घेऊन जा म्हणाला, माझी वाया चाललीय. मोठ्या मनाचा माणूस."

"त्याच्याकडं पिठ्या नाही?"

नवऱ्यानं एका फांदीवरची धूळ झटकली. "फवारलंय त्यानं."

तिनं पिशवी खांद्यावरून काढली नाही. तशीच उभी राहिली.

"अगं, ऐकून तर घे. तोही म्हणाला, सांगून ठेवतो हां, नंतर माझ्या नावानं ओरडू नका. पण उपाय आहे. बघ." त्यानं पँटवर हात घासून फोन काढला. "खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाला बुडवून ठेवायचा. औषध उतरतं."

"कुठं लिहिलंय?"

"आली मास्तरीण." तो खुशीत आला. ती कसं शिकवते, काय शिकवते, हे ती रोज जेवताना सांगायची आणि तो ऐकत नसल्यासारखा ऐकायचा. "कुणी लिहिलंय? डॉक्टर आहेत, नाव आहे, फोटो आहे. कधी? याच उन्हाळ्यात. आणखी कुठं? हे बघ, हे दुसरं पान, तिथंही तेच. काढला की नाही पेपर सोडवून? पास कर आता."

लेक पायाला बिलगली होती. तिला कडेवर घेऊन तिनं एका हातानं फोन धरला. डॉक्टर कशाचे ते लिहिलेलं नव्हतं. माणूस चष्मेवाला, केस नीट विंचरलेला. दुसऱ्या पानावरही सगळं तसंच होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'छान माहिती'.

"चौथा प्रश्न राहिला," ती म्हणाली. "करून कुणी पाहिलंय?"

"हे काय, छान म्हणतोय ना."

"छान म्हणतोय. केलं असं म्हणत नाही."

"कुणीतरी पहिलं असणारच की अगं." त्याचा सूर जरा उतरला. त्यानं शेडकडे मान वळवली. आतला आवाज थांबला होता. पाला संपला होता. "तू सांग, नाहीतर काय घालू? माझी कातडी घालू?"

लेकीनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिला दूध हवं होतं. तिनं फोनवरची पानं पुन्हा एकदा वरखाली केली आणि म्हणाली, "दिसतंय तर बरोबर."

मग सगळं घर कामाला लागलं. पिंपात पाणी, पाण्यात सोडा, सोड्यात फांद्या. सासूबाई लाकडाच्या दांड्यानं दाबून धरत होत्या, त्यांची चोळी कोपरापर्यंत भिजली. नवरा फांद्या झटकून दोरीवर टांगत होता. लेकीला खालून पडणारे थेंब तळहातावर झेलायचे होते. दोनदा तिनं हात पुढे केला आणि दोनदा आईनं तो ओढून धुतला.

दिवस मावळताना फांद्या रॅकवर पडल्या. घरातले चौघं दारात उभे राहिले. क्षणभर काहीच नाही. मग एका कोपऱ्यातून कागदाची चुरगळ सुरू झाली, आणि बघता बघता शेडभर पसरली.

"कोन?" लेक म्हणाली.

"तुझा बाप," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला. जेवण झाल्यावरही फोन घेऊन ओट्यावर बसून होता, काहीतरी टाईप करत.

सकाळी सासूबाईंची हाक आली. हाक अशी की सून चुलीवरचं दूध तसंच टाकून धावली.

अळ्या डोकी उचलून हलवत होत्या. हलके हलके, इकडून तिकडे, जणू आंधळ्यानं वाट चाचपावी. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही आखडून बोटाच्या पेरापेक्षाही लहान झाल्या होत्या. नवऱ्यानं वरची फांदी उचलली तर तिला चिकटून एकही अळी आली नाही. सगळ्या खाली टपटप पडल्या.

त्यानं फांद्या ओढून काढल्या. सगळ्या रॅकवरच्या. मग चुना भुरभुरला. मग पाण्याचा हात फिरवला. मग नुसताच उभा राहिला.

दुपारपर्यंत वास सुटला. दोघांनी खोऱ्यानं अळ्या टोपल्यात भरल्या आणि बांधाकडेच्या खड्ड्यात टाकल्या. टोपलं जड होतं, ओलं आणि मऊ. ती श्वास रोखून चालत होती. रस्त्यानं जाणारा गवंडी सायकल थांबवून बघत राहिला. तो खऱ्या अर्थानं गवंडी होता, विटा रचणारा. यंदा काम मंद म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं शेड बांधून पहिल्यांदाच अळ्या आणल्या होत्या. 'शंका' त्याचीच लेक.

"काय झालं हो?" त्यानं विचारलं.

नवऱ्यानं टोपलं पालथं केलं. "ऊन," तो म्हणाला. "पत्रा तापला."

"माझ्या पत्र्यावर मी गवत टाकलंय," गवंडी हळहळून म्हणाला. "तुम्ही नव्हतं टाकलं?"

"राहून गेलं."

पत्र्यावर गवत होतं. तिघांनाही ते तिथून दिसत होतं. गवंडी भला माणूस, त्यानं तिकडं बघितलं नाही.

दोन दिवसांनी शाळेत ती चाचणीचे पेपर तपासत होती. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघा पोरांनी उत्तरात एकच शब्द एकसारखाच चुकवला होता. तिनं सवयीनं दोन्ही पेपर एकमेकांशेजारी ठेवले आणि लाल पेननं दोघांनाही शून्य दिलं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी येत नाही. हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, कुणी शिकवलंही नव्हतं.

पेन हातात तसंच राहिलं. तिनं फोन काढून ती दोन पानं उघडली.

पहिल्यावर लिहिलं होतं, 'सोड्याच्या पाण्यातून काढून पाला निखळून घ्यावा.' दुसऱ्यावरही तेच: 'पाला निखळून घ्यावा.' निथळून नाही, निखळून. भिंतीचा गिलावा निखळतो, दात निखळतो. पाला निखळेल कसा? त्या दिवशी लेक कडेवर होती आणि पानं डोळ्यांखालून नुसती गेली होती. तिनं आणखी शोधलं. तिसऱ्या पानावरही पाला निखळत होता, चौथ्यावरही. चौघांच्या तोंडून एकच माणूस बोलत होता, आणि तो माणूस कोण, ते काही कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला दाखवलं. तो रिकाम्या रॅक चुन्याच्या पाण्यानं धूत होता.

"म्हणजे दोन ठिकाणं नव्हतीच. एकच होतं," ती म्हणाली. "मी त्या वेळी नीट बघितलं असतं तर…"

"उन्हानं गेल्या," तो म्हणाला.

"अहो, गवत होतं पत्र्यावर."

"ऊन गवताला विचारून येतं का?" त्यानं ब्रश आपटला. चुन्याचे शिंतोडे त्याच्याच तोंडावर उडाले. मग आवाज खाली आला. "उन्हानं गेल्या, असं म्हण ना. तुझं काय जातंय?"

त्याच्या भुवईवर चुना वाळत होता. तिनं पदराच्या टोकानं पुसला. ऊन म्हटलं तर अळ्या मेल्या. सोडा म्हटलं तर त्यानं मारल्या. एवढ्याच दोन वाटा होत्या, आणि दुसरीवर पाऊल टाकायची त्याची ताकद नव्हती. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

वर्गात मात्र तिनं शिकवलं. घरचं नाव न घेता, दोन पेपरांची गोष्ट सांगून. "दोन पानं सारखंच सांगतात म्हणून खूष व्हायचं नाही. त्यांच्या चुका बघा. चूकही एकच असली तर दुसरं पान नाहीच, पहिल्याचीच सावली आहे." पोरं लगेच एकमेकांच्या वह्या ओढून चुका शोधायला लागली. त्या तासाला वर्गात पुष्कळ भांडणं झाली आणि तिला बरं वाटलं.

मग पानं सांगायचा दिवस आला. कुणी सायकलच्या साखळीचं आणलं होतं, कुणी उवांच्या औषधाचं. 'शंका' उठली. ती केसांना तेल लावून, रिबीन बांधून आली होती. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला.

"माझं पान अळ्यांचा पाला धुण्याचं. नाव आहे, तारीख आहे. दुसऱ्या ठिकाणी पण आहे, पण बाई, मी फसले नाही. दोन्हींत 'निखळून' लिहिलंय. म्हणजे नक्कल. मी तिथं फुली मारली."

बाईंच्या हातातला खडू तुटला. "शाबास," त्या म्हणाल्या. आवाज भलतीकडूनच आल्यासारखा आला. "मग? खोटं ठरवलंस ना?"

"नाही ना बाई. चौथा प्रश्न!" तिचे डोळे चमकत होते. "करून पाहिलेला माणूस सापडला. खाली लिहिलंय त्यानं. नाव आहे, गावाचं नाव आहे, सगळं." तिनं कागद वर धरून वाचलं. "'आजच करून पाहिले. अळ्या आनंदाने खात आहेत. शेतकरी बांधवांनी जरूर करावे. आभारी आहे.' बाई, तुमच्या घरचं नाव आहे ते!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या घरी," बाईंनी विचारलं, "पाला…?"

"आमचा पण फवारलेला होता ना. बाबा घालत नव्हते. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, बाईंच्या घरचं आहे म्हणजे तपासलेलंच असणार. सकाळी घातला."

बाईंनी शेजारच्या वर्गात सांगितलं, मुलांकडे बघा, आणि पोरीचा हात धरून निघाल्या. ऊन रणरणत होतं. पोरगी निम्म्या वाटेत विचारायची थांबली.

गवंड्याची शेड गावात देखणी होती. एकेक वीट ओळंब्यात, खिडक्यांना गोणपाटाचे पडदे, पडद्यांवर मारलेलं पाणी. आत गारवा होता आणि कागद चुरगळल्याचा आवाज होता. गवंडी स्टुलावर बसून नुसता ऐकत होता.

"या बाई, या! बघा, कशा तुटून पडल्यात."

"पाला काढा," ती म्हणाली. "सगळा. आत्ताच्या आत्ता."

"का हो?"

"सोड्यानं औषध उतरत नाही. आमच्या त्यानंच गेल्या."

गवंडी उठला. त्यानं तिच्याकडे बघितलं, अळ्यांकडे बघितलं. "खातायत की पण."

"आमच्याही खात होत्या."

"तुमच्या उन्हानं गेल्या ना बाई? सगळ्या गावाला माहितीय." तो उद्धटपणानं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "आणि पाला काढून घालू काय? दुसरा नाहीये माझ्याकडं."

तिनं जवळच्या रॅकवरची फांदी उचलली. अळ्या तिला धरून राहिल्या, जड, गुबगुबीत.

"बाई, खाताना हात नका लावू." त्यानं अलगद फांदी तिच्या हातून घेतली आणि होती तिथं ठेवली. "असं करू. तुमच्या मालकांनाच विचारू." त्यानं फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

पलीकडे कुदळीचा आवाज येत होता. तो थांबला.

"अहो, तुमच्या बाई आल्यात इथं. म्हणतायत, सोड्याच्या पाल्यानंच तुमच्या अळ्या गेल्या."

पलीकडे कुदळ जमिनीवर पडली.

"अहो, खरं सांगा त्यांना," ती फोनकडे झुकून म्हणाली. "त्यांनी पाला घातलाय. अजून वेळ आहे. अहो, मी कुणाला काही बोलणार नाही."

"आमच्या," नवऱ्याचा आवाज आला, "उन्हानं गेल्या."

"मग सोड्याचं चालतं ना?" गवंड्यानं विचारलं.

"धुतलाय का नीट?"

"दोन पाण्यांनी."

"मग काय," तो म्हणाला. फोन बंद झाला. तिनं आपल्या फोनवरून लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा लागला नाही.

गवंड्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तुमचा जीव पोळलाय बाई, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. होतं असं. बसा, पाणी आणतो."

'शंका' दोघांच्या मध्ये उभी होती. तिच्या हातात तो कागद अजून होता. "बाई," ती हळूच म्हणाली, "करून पाहिलेल्या माणसाचं धरायचं, की तुमचं?"

तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तेलानं हात चिकट झाला. ती म्हणाली, "माझं." पोरीनं मान हलवली, आणि बापाकडे बघितलं. बाप पाणी घेऊन येत होता, हसतमुख.

आवाज विरळ व्हायला लागला होता. आधी पलीकडच्या कोपऱ्यातला थांबला, मग मधला. गवंड्यानं तांब्या तिच्या हातात दिला आणि रॅकपाशी वाकला. एका अळीनं खाणं सोडून डोकं वर उचललं होतं. मग तिच्या शेजारचीनं. मग ओळीनं कितीतरी.

"बघा," तो म्हणाला. "पोट भरलं. निजायला लागल्या."

अळी डोकं वर करून निजते ती कात टाकण्याआधी; शेवटची कात टाकली की पुन्हा निजत नाही, एकदम कोषच विणते, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. गवंड्यानं तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि खिडकीचा पडदा हलक्या हातानं ओढून घेतला.

"हळू," तो कुजबुजला. "दचकतील."